द्राक्षावरची भुरकट झाक, पिंगळ्याचे डोळे आणि ‘ग्लॉकस’ नावाचा रंग

मार्चमधली गोष्ट. आईने काळी द्राक्षं आणली होती आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ती एकेक मणी चोळून धूत बसली होती. तिच्या फोनवर फॉरवर्ड आला होता की द्राक्षावर दिसणारी पांढरी पावडर म्हणजे फवारलेलं औषध. अर्ध्या तासाने द्राक्षं काळी कुळकुळीत झाली, नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखी. पण आणली तेव्हा त्यांच्यावर जी निळसर, धुक्यासारखी झाक होती ती गेली.

त्याच आठवड्यात मावशीला काचबिंदू निघाला. फाइलवर डॉक्टरांनी ‘ग्लॉकोमा’ लिहिलं होतं. आईने विचारलं, “हे काय नाव?” मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं की सकाळी तिने जे चोळून काढलं त्याचं इंग्रजीतलं विशेषण आणि मावशीच्या फाइलवरचं नाव, दोन्ही एकाच शब्दातून आली आहेत. तो इंग्रजी शब्द आहे ‘ग्लॉकस’. रोजच्या इंग्रजीत तो जवळपास ऐकू येत नाही. झाडं आणि पक्षी यांच्या वर्णनात मात्र पानोपानी भेटतो, आणि भल्याभल्यांना गोंधळात टाकतो.

ग्लॉकस म्हणजे नेमका कुठला रंग?

शब्दकोशात पाहिलं तर एकाच नोंदीत तीन-चार अर्थ सापडतात: निळसर हिरवा, निळसर राखाडी, फिकट हिरवट पिवळा. शिवाय ‘ज्यावर पांढुरका थर असून तो चोळल्यावर निघतो असा’. शेवटचा अर्थ रंगाचा वाटतच नाही, आणि खरी किल्ली तिथेच आहे.

लाल, पिवळा, हिरवा हे शब्द छटा सांगतात. ग्लॉकस छटेबरोबर पृष्ठभागही सांगतो. खाली गडद किंवा हिरवा रंग, वर अतिशय पातळ, पांढुरकं आवरण, आणि दोन्ही मिळून डोळ्याला जे दिसतं ते ग्लॉकस. कोबीचं बाहेरचं पान, कांद्याची पात, काळं द्राक्ष, कोहळा. या चार वस्तू एका ओळीत मांडल्या तर त्यांचा रंग एक आहे असं कुणी म्हणणार नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र चारही ठिकाणी हाच शब्द वापरेल आणि त्याचं बरोबर असेल.

संगणकावर ‘ग्लॉकस’ नावाची एक ठरावीक निळी छटा मिळते. ती पाहून हा शब्द समजला असं मानू नये. पडद्यावरच्या सपाट चौकोनावर आवरण नसतं, त्यामुळे अर्धा अर्थ तिथेच गळून जातो.

कोहळ्यावर अंगठा फिरवून बघा

हे समजून घ्यायला कोहळ्याइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. दारावर बांधायला किंवा वड्या करायला आणलेला पिकलेला कोहळा हातात घेतला की तळहात पांढरा होतो, खडू धरल्यासारखा. लहानपणी आजी कोहळा विळीवर घेण्याआधी ओल्या फडक्याने पुसायची. फडकं जिथून जाई तिथे फळाची खरी गडद हिरवी साल उघडी पडायची आणि बाजूचा न पुसलेला भाग राख फासल्यासारखा दिसायचा. इंग्रजीत कोहळ्याला ‘अॅश गोर्ड’ आणि ‘वॅक्स गोर्ड’ अशी दोन नावं आहेत. एकात राख आहे, दुसऱ्यात मेण. दिसतं राखेसारखं, असतं मेण.

फळाच्या किंवा पानाच्या सालीतून हे मेण बाहेर येतं आणि पृष्ठभागावर त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात: कुठे नळ्यांसारखे, कुठे पापुद्र्यांसारखे. या थराला द्राक्षवाले ‘ब्लूम’ म्हणतात. निर्यातीचा माल हाताळताना घडाला देठाने धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, ते यासाठीच. ब्लूम शाबूत असलेला मणी म्हणजे कमी हाताळलेला, ताजा मणी. बोट लागलं की तिथे काळा ठसा उमटतो आणि तोडलेल्या घडावर तो पुन्हा भरून येत नाही.

एक फरक इथेच सांगायला हवा. पानावरचा प्रत्येक पांढुरकेपणा ग्लॉकस नसतो. रुईच्या पानावर कापसासारखी बारीक लवही असते, आणि लव म्हणजे केस. केस असतील तर वनस्पतिशास्त्रात वेगळे शब्द लागतात. ग्लॉकससाठी आवरण मेणाचंच हवं.

मेण पांढरं, मग झाक निळी का?

चुलीचा धूर आठवा. धुराची रेघ काळ्या भिंतीसमोरून वर जाते तेव्हा निळसर दिसते. तोच धूर उजळ आकाशासमोर गेला की तपकिरी, मळकट वाटतो. धुराचे कण फार बारीक असतात. प्रकाशातल्या निळ्या भागाला ते जास्त विखुरतात, तांबड्याला कमी. मागे काळोख असेल तर विखुरलेला निळा प्रकाशच डोळ्यापर्यंत पोहोचतो.

सह्याद्रीच्या रांगा दुरून निळ्या दिसतात त्यामागेही हेच आहे. जवळ गेलं तर डोंगर हिरवा किंवा काळा कातळ असतो. मधल्या हवेने विखुरलेला निळा प्रकाश त्याच्यावर पसरतो, म्हणून लांबची रांग अधिक निळी आणि फिकी होत जाते.

द्राक्षाच्या सालीवर हाच खेळ फार छोट्या जागेत चालतो. साल जवळपास काळी, तिच्यावर मेणाच्या सूक्ष्म स्फटिकांचं धुकं. निळा प्रकाश विखुरला जातो, बाकीचा खालची गडद साल शोषून घेते. २०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्लूबेरीसारख्या फळांबद्दल हे नेमकं मांडलं. ब्लूबेरी चिरडली की रस गडद लाल निघतो. सालीत निळा म्हणावा असा रंग नसतोच. निळेपणा येतो तो सुमारे दोन मायक्रॉन जाडीच्या मेणाच्या थरातून. एका मिलिमीटरचे ५०० भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका तो थर! आईने त्या दिवशी सोड्याच्या पाण्यात घालवला तो निळा रंग असा होता: रंगद्रव्य नसलेला, निव्वळ रचनेतून आलेला.

झाडाला हे कशासाठी लागतं?

पहिलं काम पाणी राखण्याचं. आपल्या सांगली-तासगाव भागात बेदाणा करणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. नुसता घड वाळत टाकला तर मेणामुळे आतलं पाणी लवकर सुटत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मेणाची घडी विस्कटते, वाफेला वाट मिळते आणि शेडमधल्या रॅकवर द्राक्ष बरेच दिवस आधी वाळतं. कोहळा महिनोन्‌महिने टिकतो त्यातही या थराचा वाटा आहे.

दुसरं काम ऊन परतवण्याचं. गव्हाच्या काही जातींची पानं आणि ओंब्या निळसर भुरकट असतात, काहींच्या हिरव्या तुकतुकीत. कोरडवाहू जमिनीत भुरकट जातींची पानं थोडी थंड राहतात, असं पीकशास्त्रज्ञांना आढळलं आहे.

तिसरं काम पाणी झटकण्याचं, आणि त्यासाठी मराठीत वाक्प्रचारच आहे. अळवावरचं पाणी. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर पाणी पसरत नाही. गोळा होऊन घरंगळतं आणि जाताना धूळ घेऊन जातं. क्षणभंगुरतेसाठी आपण जी उपमा शतकानुशतकं वापरतो, तिच्यामागे मेणाचे हे सूक्ष्म स्फटिक आहेत. १९९७ मध्ये बार्टलॉट आणि नाइनह्यूस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला आणि ‘लोटस इफेक्ट’ हे नाव जगभर रूढ झालं. कांद्याच्या शेतकऱ्याला हीच गोष्ट उलट्या बाजूने भेटते. पातीवर नुसतं औषध मारलं तर थेंब ओघळून जमिनीवर पडतो, म्हणून पंपात औषधाबरोबर स्टिकर, म्हणजे थेंब पातीला चिकटवून ठेवणारं द्रावण, टाकावं लागतं.

मग ती पावडर औषध नव्हेच का?

सरसकट एकसारखी, धुक्यासारखी, अंगठ्याने चोळल्यावर निघणारी आणि खाली तुकतुकीत साल दाखवणारी झाक ही ब्लूम. ती खाल्ली तरी चालते. कुणी म्हणतं ते यीस्ट असतं. सालीवर थोडं रानटी यीस्ट असू शकतं, पण डोळ्याला दिसतं ते मेण.

फवारलेल्या औषधाचा अंश मात्र बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून द्राक्षं वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीतच. फक्त झाक गेली म्हणजे औषध गेलं आणि झाक आहे म्हणजे औषध आहे, हा हिशोब चुकीचा.

तिसरी शक्यता भुरीची. हा बुरशीचा रोग. पांढरट राखाडी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी बसते, पुसली तर खाली तपकिरी जाळी दिसते, कधी मणी तडकलेला असतो. असं फळ बाजूला काढावं. रोगाचं नावही बघा. भुरा म्हणजे धुरकट, राखी. शेतकऱ्याने रोगाला रंगावरूनच हाक मारली.

शब्द आला कुठून?

इंग्रजी छापील मजकुरात ग्लॉकस सतराव्या शतकात, १६७१ च्या सुमारास दिसतो. तो आला लॅटिन ‘ग्लॉकुस’वरून आणि लॅटिनने तो घेतला ग्रीक ‘ग्लाउकोस’वरून. ग्रीकमध्ये त्याचा संसार फार मोठा आहे.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात पॅट्रोक्लस चिडून आपल्या योद्धा मित्राला, अकिलीसला म्हणतो की तुला आईबापांनी जन्म दिलेलाच नाही, तू ग्लाउकोस समुद्राच्या आणि उभ्या कड्यांच्या पोटी आलास. तिथे या शब्दात चकाकी आहे, थंडपणाही आहे. सोफोक्लीसच्या एका नाटकात अथेन्सच्या स्तुतीचं गाणं आहे. त्यात ऑलिव्हच्या पानाला ग्लाउकोस म्हटलं आहे, आणि त्याच गाण्यात देवी अथीनाला ‘ग्लाउकोपिस’, म्हणजे ग्लाउकोस डोळ्यांची. ऑलिव्हचं पान वरून हिरवं आणि खालून रुपेरी असतं. वारा आला की अख्खं झाड रंग बदलल्यासारखं दिसतं.

अथीनाच्या या विशेषणाचा अर्थ लावताना भाषांतरकार आजही भांडतात. कुणी ‘करड्या डोळ्यांची’ म्हणतं, कुणी ‘तेजस्वी डोळ्यांची’, कुणी ‘घुबडाच्या डोळ्यांची’. घुबड कुठून आलं? तर ग्रीकमध्ये लहान घुबडाला ‘ग्लाउक्स’ म्हणतात. पक्ष्याचं नाव डोळ्यांच्या चमकेवरून पडलं की नुसता आवाज जुळला, यावर एकमत नाही. पण ते घुबड अथीनाची खूण झालं. अथेन्सच्या प्राचीन चांदीच्या नाण्यावर एका बाजूला देवी आणि दुसऱ्या बाजूला घुबड असे. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर त्याच घुबडाचं चित्र आहे.

आपला पिंगळा यात कसा?

हा भाग मला सर्वांत आवडतो. त्या ग्रीक घुबडाची प्रजाती ‘अथीने’, देवीच्या नावाची. आपल्या गावातल्या आंब्याच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी तारेवर बसून मान हलवणारा पिंगळा त्याच प्रजातीतला आहे. त्याचं शास्त्रीय नाव ‘अथीने ब्रामा’. आणि मराठीत त्याला नाव पडलं ते संस्कृत ‘पिङ्गल’ या रंगवाचक शब्दाशी नातं सांगणारं. पिंगट, पिवळसर तपकिरी. अथेन्समध्ये घुबड आणि रंगाचा शब्द शेजारी नांदले, आपल्याकडेही तसेच नांदले. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा पिंगळाही याच पक्ष्याचं नाव घेऊन फिरतो.

याचा रानातला भाऊ म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमने त्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ असं नाव दिलं. ‘हेटेरोग्लॉक्स’ म्हणजे ‘निराळा ग्लाउक्स’. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळेना आणि तो संपला असंच धरलं गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, जिवंत दिसला. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती सापडली. इलियडमधल्या समुद्राचा शब्द असा सातपुड्याच्या सागवानात येऊन बसला आहे.

लॅटिन नावांमध्ये तर ‘ग्लॉका’ सतत भेटते. शेताच्या बांधावरची सुबाभूळ जुन्या पुस्तकांत ‘ल्युसीना ग्लॉका’ म्हणून सापडेल. आज ते नाव चालत नाही, ‘ल्युसीना ल्युकोसेफाला’ चालतं. जुनं पुस्तक हाती आलं तर झाड दुसरं समजू नका.

म्हणजे ग्रीकांना रंग नीट कळत नव्हते का?

हा आक्षेप जुना आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी १८५८ मध्ये होमरवर मोठा ग्रंथ लिहिला. समुद्र मद्यासारखा, मध हिरवा, आकाशाला निळा म्हणून शब्दच नाही, हे पाहून त्यांनी त्या काळच्या लोकांची रंगांची जाण अजून विकसित झालेली नव्हती असा निष्कर्ष काढला.

मला तो पटत नाही, आणि माझ्यामते कुठल्याही मराठी माणसाला पटू नये. आपण ‘घारे डोळे’ म्हणतो. घारा म्हणजे कुठला रंग? हिरवट, राखाडी, मधाळ, काहीही असू शकतो. डोळा फिका आणि चमकदार असला की पुरे. आता ‘घारी साडी’ म्हणून बघा. जीभच वळत नाही. ‘सावळा विठ्ठल’ म्हणतो, ‘सावळी छत्री’ म्हणत नाही. बैल ढवळा असतो, भिंत ढवळी नसते. हे शब्द रंगपेटीतल्या वड्यांसारखे सुटे नसतात. ते डोळ्याला, कातडीला, जनावराच्या अंगाला चिकटूनच जन्मतात. कुणी परका येऊन म्हणाला, “मराठी लोकांना करडा आणि हिरवा यातला फरक कळत नाही, दोन्ही डोळ्यांना घारे म्हणतात,” तर आपण काय उत्तर देऊ? तेच उत्तर ग्रीकांच्या बाजूने द्यायचं. ग्लाउकोपिसला मराठीत एकच शब्द द्यायची वेळ आली तर मी बेधडक ‘घारी’ म्हणेन.

पानाफळांच्या ग्लॉकसला मात्र घारा चालणार नाही. तिथे ‘भुरकट निळं’ किंवा ‘निळसर, पांढुरकी झाक असलेलं’ असंच सांगावं लागतं. दोन शब्द जास्त लागले तरी हरकत नाही, चित्र नीट उभं राहतं.

मावशीच्या डोळ्यात हा रंग कुठे होता?

कुठेच नव्हता. हे सगळ्यांत महत्त्वाचं.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये म्हातारपणीच्या तक्रारींच्या यादीत ‘ग्लाउकोसिस’ येतं. बाहुली काळी न दिसता समुद्रासारखी निळसर धुरकट दिसणं आणि दृष्टी मंदावणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्यात आजचा मोतीबिंदूही मिसळलेला होता. भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू, हे युरोपात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण बनवलं. मग डॉक्टरांना ग्लॉकोमात मागची नस खोलगट झालेली प्रत्यक्ष दिसू लागली. आजार रंगाचा नव्हता, नसेचा होता. नाव मात्र जुनंच राहिलं. आपल्याकडेही तसंच. एक बिंदू मोत्यासारखा, एक काचेसारखा, आणि दोन्ही नावं बाहेरून पाहून पडलेली. आयुर्वेदातही तिमिर या नेत्ररोगाच्या पुढच्या अवस्थेला ‘काच’ म्हटलेलं आहे.

नावातल्या रंगाची वाट पाहत बसणं इथे घातक ठरतं. काचबिंदूच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात डोळा आरशात अगदी पूर्वीसारखा दिसतो, दुखतही नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मावशी दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. आम्ही “बघून चालत जा” म्हणायचो. आता ते आठवलं की वाईट वाटतं. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातला दाब कमी करून पुढचं नुकसान रोखता येतं, एवढंच हातात असतं.

डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. पण दाब या हद्दीत असूनही काचबिंदू होतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर न थांबता नस पाहून घ्यावी लागते. एका प्रकारात मात्र अचानक हल्ला येतो. डोळा लाल होतो, असह्य दुखतो, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी दिसतात, उलट्या होतात, बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजून धुरकट होतो. कदाचित प्राचीन वैद्यांनी पाहिलेली झाक ही असावी. असं झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टर गाठायचा.

चाळिशीनंतर तपासणी करावी, आणि सख्ख्या नात्यात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, कारण भावंडांना आणि मुलांना धोका जास्त. म्हणून मावशीनंतर आईचा नंबर लावला. बाहुली मोठी करायचे थेंब घालून ती तासभर बाकावर डोळे मिटून बसली होती. दाब १६ निघाला, नस ठीक आहे, वर्षाने पुन्हा यायला सांगितलं. घरी येताना तिने द्राक्षं घेतली. डोळ्यांपुढे अजून सगळं अंधुक होतं, म्हणून पेटीतला घड देठाने उचलून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “झाक आहे ना रे यावर?”